अक्का बॅग उघडायला लावायची

अक्का माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याची बॅग उघडायला लावायची. ती परदेशी सहली काढायची. निघायच्या आदल्या रविवारी धुळ्यातल्या देवपुरात तिच्या घरी वीसबावीस माणसं सतरंजीवर बॅगा घेऊन बसलेली असत आणि ती एकेकाची बॅग सगळ्यांदेखत रिकामी करी. कुणाच्या पापडांच्या चळती, कुणाची इस्त्री. एका निवृत्त हेडमास्तरांच्या बॅगेतून तर पितळी तांब्या निघाला. "हाई काय शे?" म्हणत तिने तो हॉलभर फिरवून दाखवला. "गुरुजी, तिथे समुद्र आहे, विहीर नाही." हेडमास्तर बिचारे पुढचे चार दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मी तिची मदतनीस. शाळेतून निवृत्त झाले, घरी बसून डोकं भणभणायला लागलं, म्हणून तिच्याकडे जायला लागले. याद्या करायच्या, पासपोर्टच्या झेरॉक्स काढायच्या आणि रडणाऱ्यांना पाणी द्यायचं, ही माझी कामं. रडणारे बरेच असायचे.

समुद्रकाठच्या रिसॉर्टला जाणाऱ्यांसाठी तिच्या सूचना ठरलेल्या. साडीवर लाटेत उतरायचं नाही, "लाट साडी नेईल आणि साडी तुम्हाला." अंगठ्या घरी ठेवायच्या, पाण्यात बोट आकसतं. गोळ्या पुडीत बांधायच्या नाहीत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्यायच्या. कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत हवाच. नाश्त्याचे केक रुमालात बांधून खोलीत न्यायचे नाहीत. शिरपूरच्या एका जाड्या व्यापाऱ्याला ती सर्वांसमोर म्हणाली, "शेठ, पोहायच्या तलावात तुम्ही शेवटी उतरा. आधी उतरलात तर इतरांना पाणी उरणार नाही." त्याची बायको सगळ्यात जोरात हसली.

खरं सांगायचं तर मला अक्का फार आवडायची. मीही जन्मभर पोरांवर खेकसत आले होते, पण तिच्यासारखी नेमकी जागा मला कधी सापडली नाही. तिचं एकच मला पटायचं नाही. "का?" असं विचारलेलं तिला अजिबात खपायचं नाही. "कारणं सांगत बसले तर विमान सुटेल. सांगितलं तेवढं करा," एवढंच उत्तर. मलाही तेच.

आखातातल्या एका देशाची सहल ठरली तेव्हा मुक्ताईनगरकडच्या एका खेड्यातून इंदूमावशी आल्या आणि धुळ्यात कुणी ओळखीचं नाही म्हणून माझ्याकडे उतरल्या. केळीच्या बागेत उभा जन्म गेलेली बाई. त्यांना समुद्राशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा तिकडे कामाला होता. कागदपत्रांच्या काहीतरी भानगडीमुळे सहा वर्षं त्याला गावी येता आलं नव्हतं. आला तर परत जाता येणार नाही, म्हणून आईच निघाली होती. रिसॉर्टवर तो एक दिवस येणार होता. त्या एका दिवसासाठी मावशींनी पासपोर्ट काढला होता.

त्यांच्या बॅगेतून घरी कुटलेल्या काळ्या मसाल्याची गच्च बांधलेली पिशवी निघाली.

"हे नाही जायचं," अक्का म्हणाली.

"असं नको करू वं अक्का. माह्या पोराले शेवभाजीत हाच मसाला लागते. सहा वर्सं झाले."

"सहा वर्षं त्याच्यावाचून जगलाच ना? मेला तर नाही."

मावशींनी पदर तोंडाला लावला. अक्काने पिशवी माझ्याकडे भिरकावली, "कुणाला तरी देऊन टाक," आणि पुढच्या बॅगेकडे वळली.

मला इतका राग आला! काय बिघडलं असतं? वास येतो म्हणून? वजन वाढतं म्हणून? मावशी हात धुवायला गेल्या तेवढ्यात मी ती पिशवी त्यांच्या बॅगेत, तळाच्या साडीच्या घडीत सरकवली आणि चेन लावून टाकली. त्यांनाही सांगितलं नाही. म्हटलं, तिकडे पोरासमोर बॅग उघडतील तेव्हा किती हरखतील! स्वतःवरच खूश होऊन मी घरी गेले.

त्या मसाल्यात खसखस होती. आपल्याकडे खसखस म्हणजे लाडूत, मसाल्यात घालायची वस्तू. त्या देशात ती अमली पदार्थात मोडते. हे मला, अक्काबरोबर सहलीला गेले तेव्हा, तिथल्या विमानतळावर कळलं.

मावशींना बाजूला घेतलं. त्या शपथेवर सांगत होत्या, "नाही हो साहेब, मसाला अक्कानं घरीच काढून घेतला," आणि साहेबांनी साडीच्या घडीतून पिशवी बाहेर काढली. मावशी पिशवीकडे बघतच राहिल्या. अक्काने माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदाच. मग पुढे होऊन ती आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, बॅग मी भरली, चूक माझी, या बाईला काही माहीत नाही. मी तिथेच उभी होते. माझं तोंड उघडलं नाही.

अक्का त्यांच्याजवळ थांबली आणि बाकीच्यांना तिने माझ्याबरोबर रिसॉर्टवर पाठवलं. जाताना म्हणाली, "लाल झेंडा असेल तर कुणाला पाण्यात उतरू देऊ नकोस. उन्हाचं मलम अर्धा तास आधी लावायला सांग." बाहेर मावशींचा मुलगा उभा होता; रिसॉर्टवर यायची वाट न बघता तो विमानतळावरच आला होता. वाळू फार तापते, असं अक्कानेच त्याला फोनवर सांगितलं होतं, म्हणून आईसाठी नव्या चपला घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, आई आत अडकली आहे. त्याने विचारलं, "लांबून तरी दिसेल का?" दिसली नाही. घरगुती मसाला आहे हे बघून कुणावर खटला भरला नाही, पण दोन दिवस मावशींना आतच बसवून ठेवलं आणि परत पाठवलं. पुन्हा त्या देशात पाय ठेवायचा नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. त्या दोन दिवसांत आमची माणसं लाटांत नाचत होती आणि मी त्यांचे फोटो काढत होते.

धुळ्यात बातमी आमच्याआधी पोचली होती. अक्काने म्हातारीच्या बॅगेत काहीबाही घालून पाठवलं, असं जो तो बोलायला लागला. पुढच्या सहलीला एकही नाव आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सतरंजी गुंडाळली गेली ती कायमची.

मी तिच्याकडे जाऊन ढसाढसा रडले. म्हटलं, मावशींना सगळं खरं सांगून टाकते.

"सांग की," अक्का म्हणाली. "तुझं मन हलकं होईल. तिला पोरगा भेटेल का?"

मी पदराने डोळे पुसले.

"ती माझ्यावर दात खाऊन जगते आहे, जगू दे. धुळ्यात तिला टेकायला तुझं एकच घर आहे, तेही घालवतेस?" मग ती दार उघडायला उठली. "खसखशीचं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. जा आता. पुन्हा माझ्यासमोर रडायला येऊ नकोस." मी पुन्हा गेले नाही. तिनेही बोलावलं नाही.

गेल्या हिवाळ्यात अक्का वारली. मावशी डोळ्यांच्या तपासणीला धुळ्यात आल्या होत्या, नेहमीप्रमाणे माझ्याकडे उतरल्या. येताना केळ्यांची फणी आणली होती. मुलगा अजून तिकडेच आहे. हल्ली फोनवर त्याचा चेहरा त्यांना नीट दिसत नाही. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "ते अक्का गेली म्हणे?"

"गेली."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. "माह्या लेकराचं तोंड पाहू देलं नाही तिनं. नाही का वं बाई?"

मी "हो" म्हटलं.