माइकच्या आधीची गिटार

गिटारीचा विषय निघाला की सर दोन्ही हात पुढे करून हवेला मिठी मारत. पाण्याच्या पिंपाला मारावी एवढी मोठी मिठी. "एवढी आहे. हिला जागा लागते हो, मॅडम," ते म्हणत. "जागा मिळू दे, मग ऐका."

दिल्लीत, मुनिरक्यातल्या एका क्लासमध्ये ते महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना इतिहास शिकवत आणि मी त्याच मुलांच्या उत्तरपत्रिका तपासत असे. स्पर्धा परीक्षेचे सगळे प्रयत्न संपले की माणूस गावी परत जातो, नाहीतर शिकवायला लागतो. सर शिकवायला लागले होते. असे सर तुम्हीही पाहिले असतील. कुणी विचारलं तर "सध्या इथेच आहे" म्हणतात. यांचं 'सध्या' बरीच वर्षं चाललं होतं.

वसंत विहारमध्ये एक परदेशी कुटुंब मायदेशी परतताना घरातलं सामान विकत होतं. तिथे सर जुना फ्रीज आणायला गेले आणि गिटार घेऊन आले. "आकार तोच आहे, सर," असं मुलं म्हणाली. खरोखरच अवाढव्य होती ती. खाली गोल, फुगीर. सर ती मांडीवर घेऊन बसले की समोरून फक्त चष्मा आणि कपाळ दिसे. मुलांनी तिचं नाव ढेरपोटी ठेवलं. सरांना ते आवडलं नाही, पण काही दिवसांनी तेही म्हणायला लागले.

तिचा इतिहास सांगताना त्यांच्या आवाजात जो जीव येई, तो वर्गात कधी येत नसे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नाचाच्या हॉलमध्ये ढोल, बँजो आणि पिपाण्यांच्या गोंगाटात बिचारी गिटार ऐकूच येत नसे. मग कारागिरांनी तिचं पोट वाढवलं, तारा पोलादी केल्या. एका जातीला तर युद्धनौकेचं नाव दिलं. पुढे माइक आले, विजेवरची गिटार आली आणि एवढ्या पोटाची गरज संपली. "पण लोकांनी सोडली नाही. का, सांगा?"

"सवय," मी म्हणाले. दिल्लीत राहून, गरज संपलेल्या अवाढव्य गोष्टींविषयी माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही.

"छे हो. ती छातीला लागून वाजते. खालचा सूर कानाआधी बरगडीला कळतो."

हे सगळं ते सांगत. ऐकवत मात्र नसत, कारण ऐकवता येत नसे. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. हात लांब केला तर समोरच्या इमारतीतल्या मुलाच्या टेबलावरचं पुस्तक उचलता आलं असतं. वर, खाली, शेजारी सगळीकडे अभ्यास. पहिल्याच दिवशी पहिली तार छेडली तशी घरमालकीण जिन्यातून ओरडली, "मास्टरजी, बालक पढ़ रहे हैं!" तेव्हापासून सर तारांखाली टॉवेलची घडी सरकवून वाजवत. डब्यावर नखं वाजवावीत तसा आवाज येई. हॉल भरून टाकण्यासाठी घडवलेलं वाद्य शेजारच्या खोलीतही जाऊ नये, एवढी काळजी तो माणूस घेत होता. एकदा ते पार्कात घेऊन गेले, तर पहारेकऱ्याने शिट्टी मारली.

गावाहून भावाचे फोन येत. तिथल्या शाळेत जागा होती, ये म्हणत होता. एका संध्याकाळी टपरीवर चहा घेताना सर अचानक म्हणाले, "माझ्या स्वतःच्या चाली आहेत, मॅडम. एकदा मोकळं वाजवून बघायचंय. त्यात काही असेल तर राहीन इथेच, गुरुग्रामच्या हॉटेलांत वगैरे वाजवत जाईन. नसेल तर सरळ घरी."

"आणि ते कळणार कसं?"

"ऐकल्यावर कळतंच की."

जानेवारीत क्लासची बस पानिपतला निघाली. दरवर्षीप्रमाणे लढाईच्या स्मारकापाशी, काला अंबला, मराठी मंडळी जमणार होती आणि आमच्या सरांना कार्यक्रमात थोडा वेळ मिळाला होता. त्यासाठी त्यांनी एक शब्दांविना चाल बांधली होती. लढाईची नव्हे, लढाईच्या आधी उपाशी बसून राहिलेल्यांची. बसमध्ये गिटार खिडकीशी बसली.

"सर, हिचं हाफ तिकीट काढलं का?"

"हाफ? दोन सीटची आहे यार ती!" मागून दुसरा ओरडला.

सर हसले. बोटं गरम राहावीत म्हणून त्यांनी हात काखेत धरले होते.

मैदानावर धुकं होतं. प्रमुख पाहुण्यांना फेटा बांधायला दोन माणसं लागली आणि भाषण आवरायला तिघं. भाषणात पराभवाचा हळूहळू विजय झाला, टाळ्या पडल्या, मग सरांचं नाव पुकारलं. सूत्रसंचालकाने माइकचा दांडा त्यांच्यापुढे आणला. सरांनी तो हाताने बाजूला सारला.

"हिला माइक लागत नाही. ही माइकच्या आधीची आहे."

आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मी तिसऱ्या रांगेत होते. सुरुवातीचे खालचे सूर आले, मग वारा आला, मग मधूनच एखादा सूर. ज्या हॉलसाठी हे पोट वाढवलं होतं, त्या हॉलला भिंती होत्या, छप्पर होतं. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. इथे नुसतं शेत आणि आकाश. मागच्या रांगा गप्पा मारू लागल्या. सरांचे डोळे मिटलेले. हनुवटी लाकडावर टेकलेली.

तेवढ्यात भोंग्यातून सूत्रसंचालकाचा आवाज आला, "मंडळी, जरा धीर धरा, सरांचं ट्यूनिंग चालू आहे. तोवर दिल्लीच्या बसच्या ड्रायव्हरने बस गेटसमोरून हलवावी."

सर थांबले. त्यांनी तारांवर तळवा ठेवला, "झालं," असं म्हणून मान लववली आणि खाली उतरले. चाल निम्मीच झाली होती.

बस दिल्लीकडे परत निघाली. मी सरांच्या शेजारी जाऊन बसले. "माइक घ्यायला हवा होता," मी म्हणाले.

"लोकांना ऐकू आलं नाही, त्याचं काही नाही. मला आलं ना. पहिल्यांदा नीट ऐकलं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "साधंच आहे हो ते."

"मला आवडलं. जेवढं ऐकू आलं तेवढं."

"मॅडम, दहापैकी पाचाच्या वर तुम्ही कुणाला मार्क देत नाही. आज का देताय?"

मला खरंच आवडलं होतं. पण आयुष्यभर ज्याचे मार्कच कापले गेले, त्या माणसाला ते पटणार नव्हतं. पुढे मुरथलच्या ढाब्याशी बस थांबली. मुलं पराठे खायला उतरली आणि सर बसमध्येच बसून राहिले.

होळीच्या आधी ते गावी गेले. गिटार बरोबर नेली.

पावसाळ्यात त्यांचा फोन आला. शाळा बरी आहे, भाऊ बरा आहे, आपल्या क्लासची कोणती मुलं पास झाली, सगळं झालं. मी विचारलं, "आणि वाजवणं?"

"इथे मोकळं आहे सगळं. मागे परस आहे, शेजारीही म्हणतात, सर, वाजवा की." मग म्हणाले, "कुणी बिलकूल अडवत नाही."

वाजवतो की नाही, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही; दिल्लीत गरमी कितपत आहे ते विचारलं.