पाचवं होल

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, डिप्लोमा केला. कुणी भुताखेतांचं बोलायला लागलं की मी हळूच उठून जाते. म्हणूनच हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

१९९७ साल. साताऱ्याच्या एमआयडीसीत व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवणारी एक छोटी कंपनी. मी मूळची सांगलीची. मावशीकडे राहून तिथे कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, कॅबिनेटची ड्रॉइंग्ज करायचे. प्रोबेशनचे पंधरा दिवस उरले होते. नोकरी गेली असती, तर घरी स्थळं तयारच होती.

एका दुपारी नव्या मॉडेलची मागची प्लेट प्लॉट केली, म्हणजे प्लॉटरवर छापून घेतली. स्क्रीनवर होल्स चार. कागदावर आली पाच... डाव्या कोपऱ्यात एक जास्तीचं, सेंटरच्या क्रॉससकट. फाइल पुन्हा उघडली, सगळे लेयर्स चालू केले — चारच. पुन्हा प्लॉट — पाच! शेवटी ट्रेसिंगवर काढलं, तरी पाच.

चेकिंगला देशपांडे सर होते. "ट्रेसिंग पेपर काय झाडाला लागतात, राणीसाहेब? ब्लेडनं खरवडा ते, आणि द्या इकडे."

'सर, ते मी काढलेलंच नाही' — वाक्य मनात जुळवलं, पण तोंडातून फुटलं नाही. खरवडलं. खाली सही केली.

आठवड्याने पहिला पीस टेस्टिंगला आला. वायरमन शिवाजीमामा, रहिमतपूरचे, मला बघून हसले. "आवं ताई, लय गप ऱ्हाता. ह्यो डबा तरी गुणगुणंल बघा आता!"

त्यांनी स्विच टाकला, डब्याला हात लावला आणि मागे फेकले गेले.

मामा वाचले, उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची बधिर झाली. आत एक वायर पत्र्याला घासली होती, आणि डब्याला अर्थिंगच नव्हतं. जुन्या मॉडेलचा अर्थची वायर जोडायचा बोल्ट तळाला असायचा. नव्याचा तळ प्लास्टिकचा. बोल्ट दुसरीकडे घ्यायचं माझ्या, सरांच्या, कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रिंटवर पेन्सिलीने अर्थच्या बोल्टची जागा दाखवली. मी ट्रेसिंग त्याखाली धरून उजेडात पाहिलं. पेन्सिलीची खूण बरोबर खरवडलेल्या जागेवर होती.

प्लॉटर तपासून घेतला. दोष निघाला नाही. पुन्हा कधी असं झालंही नाही. मी कायम झाले.

महिन्याने मामा कामावर आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नगा, ताई. कागदावरच नव्हतं, तर तुमी काय करनार व्हता?"

मी मान हलवली.

ते होल कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. ते कागदावर होतं, एवढंही मी मामांना सांगितलं नाही.