हाय की होता

रविवारी दुपारी मी आणि सासूबाई टीव्हीवर खुनाची मालिका बघतो. सासवा-सुनांच्या मालिका आमच्या घरात चालत नाहीत. रडायला घरचं काय कमी हाय, असं सासूबाईंचं म्हणणं. खून पडला रे पडला, की त्या खुनी कोण ते सांगून मोकळ्या होतात, आणि तो हमखास डॉक्टर असतो. डॉक्टर या जमातीवर त्यांचा कशावरून राग आहे, देव जाणे. आजवर एकदाही डॉक्टर निघाला नाही, पण त्यांनी हट्ट सोडलेला नाही.

त्या रविवारी आमच्या मध्ये मोड आलेल्या वालांची परात होती. बिरड्याचे वाल सोलणं म्हणजे कंटाळ्याचं काम, पण समोर टीव्ही असला की हात आपोआप चालतात. भाग सुरू झाला आणि कळलं, गोष्ट एका बाईची आहे, जिचा नवरा बेपत्ता आहे. मी रिमोटकडे बघितलं. तो सासूबाईंच्या मांडीखाली होता आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

आमचे हेही बेपत्ता आहेत. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात खोपोलीच्या कारखान्यातून घरी यायला निघाले, आणि नदीला पूर होता. पुलाच्या अलीकडे मोटरसायकल सापडली, हे सापडले नाहीत. गावातली पोरं दोर बांधून पार खालपर्यंत शोधून आली. चुलत दिरांनी पुढे कधीतरी सुचवलं, की दर्भाचा पुतळा करून विधी उरकून घेऊ, म्हणजे जिवाला गती मिळेल. सासूबाईंनी त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. जित्या माणसाचा पुतळा जाळता का, म्हणाल्या. तेव्हापासून मी कुंकू लावते, मंगळसूत्र घालते, आणि मला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, हा पेच सगळ्या आळीला दर संक्रांतीला पडतो. शिळफाट्याला बाजारात गेले की ओळखीच्या बायका आधी माझ्या कपाळाकडे बघतात, मग तोंडाकडे.

घरात ह्यांच्याबद्दल बोलायची एक रीत ठरून गेली आहे. सासूबाईंच्या तोंडी कायम ‘हाय’. माझ्या तोंडून ते निघत नाही, आणि ‘होते’ म्हणायची माझी छाती नाही. पण मराठीत एक बरं आहे, क्रियापद शेवटी येतं. तिथपर्यंत पोचेतो माणूस आहे की नाही, हे ठरवावं लागत नाही. म्हणून मी वाक्य अर्ध्यावर सोडते. ‘ह्यांना कारल्याची भाजी अजिबात...’ असं मी म्हणते, आणि सासूबाई चुलीपासून ओरडतात, ‘चालत नाय.’ ‘हे न्हाणीत गेले की तासभर...’ ‘लावतो.’ बाहेरच्याला वाटेल, सासू-सुनेचं काय गूळपीठ आहे. माझा मात्र आतून कोंडमारा व्हायचा. हे गेले, हे मला ठाऊक होतं. मला एकदा कुणीतरी त्यांच्यासाठी पोटभर रडू द्यायला हवं होतं, आणि ते सासूबाईंच्याच हातात होतं.

तर मालिकेतला इन्स्पेक्टर त्या बाईच्या घरी येऊन बसला. कडक इस्त्री, बारीक नजर. आमच्याकडे चौकशीला आलेला हवालदार बिचारा चहा पिऊन छत्री विसरून गेला होता. बाईनं इन्स्पेक्टरपुढे कप ठेवला आणि सहज म्हणाली, “आमचे हेसुद्धा असाच गोड चहा प्यायचे.” झालं. ढँण करून संगीत वाजलं, कप हवेतच थांबला, आणि कॅमेरा तिच्या तोंडावर गेला. मृतदेह तर अजून मिळालेला नाही, मग बाई ‘प्यायचे’ कसं म्हणाली? म्हणजे नवरा मेलाय हे तिला माहीत आहे. म्हणजे मारणारी तीच. पुढच्या जाहिरातीपर्यंत बेड्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा काय पुरावा झाला, मी म्हणाले. ज्यानं हे लिहिलं, त्याच्या घरातलं कुणी कधी हरवलं असतं, तर हात धजला नसता त्याचा. माणूस किती दिवस जीभ सांभाळणार? चहा ओतताना, कपडे वाळत घालताना एखादा शब्द निसटणारच, म्हणून ती खुनी ठरते? इतकं सगळं मी त्यांच्यासमोर कधीच बोलले नव्हते. बोलून झाल्यावर मला भीती वाटली आणि मी मान खाली घालून वाल सोलायला लागले.

सासूबाईंनी मांडीखालचा रिमोट काढून आवाज बंद केला. पडद्यावर ती बाई नुसते ओठ हलवत रडत होती.

“तिनं नाय मारला,” त्या म्हणाल्या. “वाट बघून दमली गं ती.”

डॉक्टरचं नावही घेतलं नाही त्यांनी. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, ह्यांच्याबद्दल काहीतरी बोल म्हणाल्या. इतक्या वर्षांत असं त्यांनी कधी मागितलं नव्हतं. मग जे आधी तोंडात आलं, ते बोलले, “हे कितीही रागावले तरी आवाज कधी...” आणि सवयीनं थांबले.

त्यांनी हातातला वाल सोलून परातीत टाकला.

“चढवायचा नाय,” त्या म्हणाल्या. “लई गुणाचा होता माझा लेक.”

इतकी वर्षं मी हेच ऐकायला थांबले होते. कितीदा मनात ठरवलं होतं, की त्या एकदा का ‘होता’ म्हणाल्या, की मी त्यांच्या गळ्यात पडेन, आणि मग आम्ही दोघी मिळून ह्यांना रडू. पण तो शब्द ऐकला, तशी मी परात बाजूला सारली आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

“असं नका म्हणू, आई,” मी म्हणाले. “आहेत हे. येतील.”

सासूबाईंनी ओल्या हातांनी माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

“नाय गं बाय,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या केसांतून हात फिरवत राहिल्या.