सोमल कुणी घातला?

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचा राग येतो, मग दोन-चार माणसांना हात जोडावेसे वाटतात. त्यातली एक बाई. तिलाच मी खुनाच्या गुन्ह्यात अटक करायला निघालो होतो.

नोकरीची शेवटची वर्षं मी भोर-वेल्हे भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हिर्डोशीच्या वर डोंगरात सात-आठ घरांची एक वस्ती. शेरडं-मेंढरं, थोडी नाचणी, आणि एसटी पकडायची तर तासभर चालून खाली रस्त्यावर यायचं. तिथला एक म्हातारा पुण्याच्या रुग्णालयात वारला. वर्षभर उलट्या, पोटदुखी, हातापायांना मुंग्या. डॉक्टरांना मरणाचं कारण कळेना, म्हणून अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि व्हिसेरा प्रयोगशाळेत गेला. अशी कागदं ठाण्यात ढिगाने पडलेली असतात. खरं सांगायचं तर मी ते विसरलोही होतो.

विसरू दिलं नाही मयताच्या पुतण्याने. त्याचं घर चुलत्याच्या घराला लागूनच. पाच-सहा वर्षांपूर्वी कंबर मोडल्यापासून गडी ओट्यावर बसून. बसल्या माणसाला सगळ्या वस्तीची खबर असते. टेम्पोतून ठाण्यात आला आणि म्हणाला, चुलत्याला सुनेनंच काहीतरी घातलं. तिचा नवरा किकवीला गाडी चालवतो, आठवड्याने घरी येतो. घरात म्हातारा, म्हातारी आणि ही. म्हातारा गेला, म्हातारी झिजत चाललीय, हिला मात्र साधा खोकला नाही. नातीचं लग्न उरकावं असं म्हाताऱ्याच्या मनात, तर सुनेने पोरीला उत्रोलीला मामाकडे ठेवून भोरच्या शाळेत घातलेली. त्यावरून रोजची भांडणं. शेवटी आवाज खाली आणून त्याने मुद्द्याचं सांगितलं. सून घरातलं पाणी पीत नाही, स्वतःची किटली वेगळी आणते.

मी डायरीला नोंद घेतली. आणि थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेचा अहवाल आला. व्हिसेऱ्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक.

जुन्या पोलिसाला सोमल म्हटलं की घरातलंच माणूस आठवतं. चव नाही, वास नाही, चहात घाला की कालवणात. अहवाल वाचता वाचता मी मनात आरोपपत्र लिहूनसुद्धा टाकलं. सुतावरून स्वर्ग गाठायला आम्हाला वेळ लागत नाही.

बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला शिपाई बरोबर घेऊन त्याच दुपारी मी वस्तीवर गेलो. ती नुकतीच शेरडं घेऊन आली होती. चाळिशीची, काटक, डोळ्याला डोळा देऊन बोलणारी. म्हातारी दाराशी पडून होती. मी सरळ विचारलं, घरात पाणी कोण भरतं?

"मीच भरते," ती म्हणाली. "पर पीत न्हाई."

असं उत्तर ऐकून कुठल्या पोलिसाचे कान टवकारणार नाहीत? का पीत नाही, विचारलं. तर म्हणे, "कळप जितं पितो तितंच आमी पितो. आईनं शिकवलंय. मेंढरामागं जाणाऱ्यानं झऱ्याचं पाणी प्यावं, उरलं तर किटलीत घरी आणावं. मामंजींना दिलं तर त्ये म्हनायचे, दारात बोअर आसताना डोंगराचं पाणी कशाला?" भांडणाबद्दल विचारलं तर तेही झाकलं नाही. पोरीला शिकवणारच म्हणाली, त्यांच्या डोळ्यांदेखत शिकवणार असं त्यांना सांगितलंही होतं.

मला तो कबुलीजबाबच वाटला. पण बोलता बोलता दिवस मावळला, आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची नाही असा कायदा आहे. एरवी या नियमाला मी कपाळावर आठ्या घालायचो. त्या दिवशी त्याच नियमाने माझी लाज राखली. उद्या सकाळी येतो म्हणालो. तेव्हा ती प्रथमच कचरली. म्हणाली, "मला न्या, पर पोरीला शाळंतनं काढू देऊ नका. मी नसले की घरचे तिला उजवून मोकळे हुतील." मी टोपी चढवली आणि निघालो. हे आजही सलतं.

सकाळी रीतसर फिर्याद द्यायला पुतण्या ठाण्यात आला. ती लिहून घेणारे आमचे रायटर हवालदार. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, अक्षर मोत्यासारखं, बोलणं मात्र तोलूनमापून. फिर्याद वाचून दाखवली, पुतण्या निरक्षर म्हणून अंगठा घ्यायचा. शाई लावली, दाबला, तर कागदावर नुसता डाग. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. मी बाहेर जीप सुरू करून उभा. दहा मिनिटं झाली तरी कागद येईना, म्हणून चिडून आत गेलो.

हवालदारांनी त्याचा हात स्वतःच्या हातात धरून ठेवला होता. मला म्हणाले, "साहेब, आयुष्यभर अंगठे घेतले मी. कष्टाचा अंगठा झिजलेला असतो, फिका उठतो. हा माणूस सहा वर्षं बसून आहे. याच्या तळव्याला ज्वारीचे दाणे पेरल्यासारख्या गाठी कशा?"

मी बघितलं. तळव्यांवर कडक गाठी, आणि गळ्याखाली चिखल उडून वाळल्यासारखे काळे-पांढरे ठिपके. मग आठवलं, म्हातारीचे तळवे काल असेच दिसले होते. मी ते कामाचे घट्टे समजून सोडून दिले होते. फिर्यादीला विचारलं, सुनेच्या हातचं काही खातोस का? तो दुखावल्यासारखा म्हणाला की दोन वर्षं त्या घरात चहाचा घोटसुद्धा घेतला नाही.

मी फिर्यादीचा कागद बाजूला ठेवला. जीप बंद करायला सांगितली.

त्याला घेऊन आधी सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि दुसरा प्रश्नच विचारला नाही, विचारलं एवढंच, "पाणी कुठलं पिता?" तो म्हणाला, दारातल्या बोअरचं, सगळी वस्ती तेच पिते. बोअरच्या पाण्याचे नमुने पंचनामा करून तपासणीला पाठवले, झऱ्याचेही पाठवले. झरा स्वच्छ निघाला. बोअरमध्ये सोमल. जे दिवसभर कळपामागे असायचे ते बरेचसे वाचले होते. जे घरात बसून त्या पाण्यावर होते तेच सुकत चालले होते. म्हातारी तर आजारी पडल्यापासून पाणी उकळून प्यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उकळून जंतू मरतात, सोमल जात नाही. पाणी आटतं आणि तो आणखी दाटतो.

आता प्रश्न राहिला, बोअरमध्ये तो घातला कुणी? आपल्या या काळ्या पाषाणात सोमल सहसा नसतो, असं पाणी तपासणारे सांगत होते. उत्तर म्हातारीने दिलं. बोअरच्या वरच्या अंगाला पूर्वी एक हौद होता. गोचीड मराव्यात म्हणून मेंढरं त्यात बुडवून काढायची, पाण्यात पांढरी पूड कालवायची. ते औषध बंद झालं तेव्हा उरलेली पोती राहिली. ती पोरांच्या, जनावरांच्या तोंडाला लागू नयेत म्हणून हौदातच पुरली आणि वर माती लोटली.

"कुणी पुरली?" मी विचारलं.

"ह्येनीच," म्हातारी म्हणाली. "लई काळजी हुती त्येंना पोरांची."

माणसाने पोरांच्या जिवापोटी खड्डा खणला, आणि पुढे बोअरची गाडी वर चढेना म्हणून त्याच खड्ड्याच्या खाली बोअर घेतलं. कुणावर गुन्हा लावणार? मी अंतिम अहवाल पाठवला. कुणी पाणी पिऊ नये म्हणून बोअरला लाल रंग फासला, हौदातली माती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उचलली गेली, झऱ्याचं पाणी नळाने खाली आलं. म्हातारीचे हात पूर्ण सुधारले नाहीत, पण ती उठून बसू लागली. पुतण्याच्या दोन्ही लेकरांच्या अंगावर ठिपके नुकते उमटू लागले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात.

सगळं उरकल्यावर मी सुनेला विचारलं, आळ घेतल्याची तक्रार द्यायची आहे का? ती म्हणाली, तक्रार नको, कागद द्या, आणि तो सगळ्यांसमोर वाचा. असा कागद द्यायची पद्धत नाही. मी दिला. वस्तीच्या मधोमध उभा राहून वाचला. या बाईचा काही दोष नाही, पोलिसांचा संशय चुकीचा होता, असं त्यात माझ्या सहीनिशी लिहिलं होतं. ऐकायला तिची मुलगीही आली होती, शाळेच्या गणवेशात.

पुतण्या काठी टेकत उठला. त्याने हात जोडले. तीच म्हणाली, "दादा, बसा. तुमी माझं नाव घेतलं म्हणून पोलीस हितवर आले. न्हाईतर पाण्याकडं कोण बघत हुतं? तुमची लेकरं वाचली, आमच्या आत्याबाई वाचल्या. मी कशाला राग धरू?"

पस्तीस वर्षं मी खोटं बोलणारी माणसं शोधत फिरलो. या प्रकरणात एकही माणूस खोटं बोलला नव्हता. पुतण्याने पाहिलं आणि वाटलं तेच सांगितलं, सुनेने विचारलं तेवढं खरं सांगितलं, अहवालही खराच होता. चुकत होतो तो फक्त मी, आणि चुकू नये म्हणून माझा हात धरणारी माणसं त्या वेळी माझ्याभोवती होती. माझं नशीब थोर, दुसरं काय म्हणू?