उरलेला चिखल
धानाच्या उपटलेल्या रोपांचा कच्चा वास आला की सानगडीजवळची आमची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, आठवते. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट, माझं लग्न नवं होतं. रोवणी मागे सरकत सरकत करतात, त्यामुळे लावलेलं डोळ्यांसमोर राहतं. पण मी सारखी वळून उरलेला चिखल पाहायचे. ओळी वाकड्या गेल्या, कंबर मोडली, शेवटी धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, बसून रडले. "मले माहेरी जायचं हाय." शेजारी वाकलेल्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "उरलं तेच काहून पायून राहिली वं? समोर पाय, किती हिरवं झालं." मी विचारलं, "तुमी थकत नाई का?" "थकतो ना. म्हनूनच तं मांगं पायत नाई." आता जाऊबाई नाहीत. माझंही थोडंच उरलंय, तरी मान त्या उरलेल्याकडेच वळते.