बोर्डावरची पाच नावं

नामाकाउ सितुम्बेको टीव्हीत शिरली ती टंकलेखिका म्हणून. झांबियाची राजधानी लुसाका, तिथल्या एका केंद्रात शाळांसाठी पाठ तयार करणारा छोटासा विभाग होता. दुसऱ्यांनी लिहिलेले पाठ टाईप करायचे, एवढंच तिचं काम. पण टाईप करता करता तिचा हात थांबायचा. अपूर्णांकांच्या पाठात साहेबांनी केकचे आठ तुकडे केले होते. नामाकाउने केक खोडला आणि तिथे मासा घातला.

साहेब कागद घेऊन तिच्या टेबलापाशी आले. "हे काय?"

"साहेब, आमच्याकडे केक कुणी पाहिलाय? मासा मात्र रोज वाटला जातो, आणि कुणाच्या वाट्याला किती आला, हे पोरांना बरोबर कळतं."

साहेब आधी चिडले, मग हसले. तीन वर्षांनी तीच पाठ लिहीत होती, आणि आणखी चार वर्षांनी निर्माती म्हणून पडद्यावर तिचं नाव यायला लागलं.

तिच्या आईला यातलं काही पटत नसे. आई पश्चिमेला, झांबेझीच्या मैदानात राहायची. तिथे दरवर्षी नदी पसरते आणि वस्त्यांची बेटं होतात. वीज नव्हती, तर टीव्ही कुठला? नामाकाउ सुट्टीला गेली की आईची उलटतपासणी सुरू व्हायची.

"तू तिथं मास्तरीण आहेस का?"

"नाही गं. मी मास्तरांना टीव्हीत दाखवते."

"म्हणजे शिकवतो तो. मग पगार तुला कशाचा?"

नामाकाउ हसायची, पण तो प्रश्न तिला लागायचा. एकदा ती तपासणीसाठी एका शाळेत गेली, तर टीव्ही संच कपाटात कुलूपबंद. हेडमास्तर चावी शोधत म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून कालच पुसून ठेवला." त्या शाळेत वीज होती, शिक्षकही अकरा होते. तिचे पाठ पोचत होते ते अशांच्याकडे. ज्यांच्याकडे शिक्षक नव्हता त्यांच्याकडे टीव्हीही नव्हता. सात वर्षं आपण भरल्या घागरीत पाणी ओततोय, असं तिला वाटलं आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

मग तिने कामच उलटं केलं. शाळांना शहर दाखवण्याऐवजी शहराला शाळा दाखवायच्या. दर गुरुवारी पंधरा मिनिटं, एक शाळा. 'आपला फळा' असं कार्यक्रमाचं नाव, आणि पडद्यावर बोलायची तीच. लोक बघायला लागले. एका शाळेला छप्पर मिळालं, दुसरीला विहीर, तिसरीतून गायब झालेला शिक्षक बदनामीच्या भीतीने आपसूक परत आला. बाजारात बायका तिला थांबवून म्हणायच्या, "आई, आमच्या गावाला कधी येताय?" चाळिशीही न गाठलेली नामाकाउ हे ऐकून लाजायची. कॅमेरा नेऊन उभा केला की काम होतं, असं तिला वाटायला लागलं होतं. खरं तर तशी तिची खात्रीच झाली होती.

सन त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये ती लुकोम्बाला गेली. मैदानातल्या एका उंचवट्यावरची शाळा. मुलं चौऱ्याऐंशी, मास्तर एक. त्यांचं नाव मुबुक्वानू. उंच, किडकिडीत, आणि बोलायला लागले की थांबायचे नाहीत. नामाकाउचा कॅमेरामन हामूंगा हा दक्षिणेकडचा टोंगा. टोंगा आणि मैदानातले लोझी, या दोन जमातींत पूर्वापार थट्टेचं नातं. भेटल्याबरोबर एकमेकांना टोचलं नाही तर माणूस आजारी आहे की काय असं वाटावं.

"काय हो, टोंगा," मास्तर म्हणाले, "आमची गुरं मोजायला आलात का? चोरण्याआधी?"

"गुरं कसली?" हामूंगा म्हणाला. "ही बेडकं आहेत. पाण्यात राहून राहून तुम्हाला फरक कळत नाही."

पोरं खिदळली. त्यांतली एक मुलगी, नासिलेले, सातवीतली, हसता हसता एकदम गंभीर होऊन म्हणाली, "मास्तर, यांना बुहोबे वाढायचं की नाही मग?" जाड पिठाचा तो उंडा आणि वाळलेला मासा तिनेच सगळ्यांना वाढला. कॅमेऱ्यासमोर तिने वाळूत काडीने भागाकार केला, भला मोठा, आणि बाकी शून्य आल्यावर वर बघून म्हणाली, "मला मोठ्या शाळेत जायचंय. तिथं बीजगणित असतं म्हणे. ते कसं असतं, हे मास्तर सांगत नाहीत. म्हणतात, गेलीस की कळेल."

कार्यक्रम लागला. चौकातल्या न्हाव्यापासून मंत्र्याच्या बायकोपर्यंत सगळ्यांच्या तोंडी नासिलेले. वह्यांची दोन खोकी आली. ऑक्टोबरात लुकोम्बाच्या नऊ मुलांनी सातवीची परीक्षा दिली.

जानेवारीच्या अखेरीस, सोमवारी, नामाकाउने सहज म्हणून निकाल विचारायला जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात फोन लावला. लुकोम्बाची पाच मुलं पास झाली होती आणि त्यांना माध्यमिक शाळेत जागा मिळाली होती. नासिलेलेचं नाव पहिलं होतं. नामाकाउ खुर्चीतून उठलीच.

"त्यांना कळवलंत ना?"

"बोर्डावर लावलंय की," पलीकडचा कारकून म्हणाला. "दोन आठवडे झाले."

"बोर्ड कुठंय?"

"आमच्या दाराबाहेर. कुणीही येऊन वाचावं."

"अहो, मैदानातून कोण येणार आत्ता? पाणी चढतंय!"

"ते खरं आहे, बाई. पण हजर व्हायची शेवटची तारीख चार फेब्रुवारी. शुक्रवार. त्यानंतर जागा प्रतीक्षा यादीला जातात. नियम मी केलेला नाही."

तिने रेडिओवरच्या मैत्रिणीच्या हातापाया पडून लोझी बातम्यांत पाचही नावं वाचून घेतली. सलग दोन दिवस वाचली गेली. लुकोम्बात रेडिओ एकच होता, मास्तरांचा, आणि त्याच्या बॅटऱ्या नाताळातच संपल्या होत्या. हे तिला नंतर कळलं.

मंगळवारी ती आणि हामूंगा केंद्राची गाडी घेऊन निघाले. बुधवारी दुपारी मैदानाच्या कडेच्या बंदरावर पोचले. पाणी तेव्हा सगळ्यात वाईट अवस्थेत होतं. होडी तरंगायला कमी, माणूस चालायला जास्त. गवतात चिखल, चिखलात गवत. होडीवाले मान हलवत बसले होते.

"आई, महिन्याने या," एक जण म्हणाला. "मग फुलासारखी नेऊन सोडतो."

"महिन्याने मला काय करायचंय?"

शेवटी मुयुंडा नावाचा म्हातारा तयार झाला. त्याने दोन होड्या काढल्या, एक त्याची, एक मुलाची. अर्धा वेळ वल्हवायचं, अर्धा वेळ उतरून ओढायचं. हामूंगाने कॅमेरा डोक्यावर घेतला आणि कमरेएवढ्या चिखलातून चालता चालता म्हणाला, "आता कळलं, पूर आला की तुम्ही लोझी लोक राजाला होडीत का बसवता ते. पायी नेलं असतं तर एकही राजा उरला नसता." मुयुंडा खो खो हसला. नामाकाउला हसू आलं नाही. ती तास मोजत होती.

गुरुवारी संध्याकाळी लुकोम्बाला पोचले. बातमी ऐकून मास्तर मुबुक्वानू गुडघ्यांवर बसले आणि रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून त्यांनी नामाकाउचे आभार मानले. त्यांचे डोळे भरले होते. बायकांनी पोरांची बोचकी बांधली. नासिलेलेच्या आजीने तिला वाळक्या भोपळ्यात दही भरून दिलं आणि बजावलं, "मोठ्या शाळेत पहिल्या दिवशी उपाशी जाऊ नकोस. पोटात नसलं की डोक्यात शिरत नाही."

शुक्रवारी झुंजुमुंजू व्हायच्या आत निघाले. पाच मुलं, दोन होड्या. दहाच्या सुमाराला वारा सुटला, मग पाऊस. मागची होडी गवतात रुतली ती दोन तास निघेना. मुलं खाली उतरून ओढत होती, पडत होती, पुन्हा उठत होती. नासिलेले सारखी विचारायची, "आई, किती वाजले?" नामाकाउने एक-दोनदा खरं सांगितलं. मग घड्याळात पाणी गेलंय म्हणून सांगितलं.

माध्यमिक शाळेच्या फाटकात ते पोचले तेव्हा शनिवारची दुपार झाली होती.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. कोरडे टॉवेल मागवले, मुलांना चहा दिला. मग त्यांनी हजेरीपट उघडून समोर ठेवला. पाच जागा शुक्रवारी संध्याकाळी भरल्या होत्या.

"एक दिवस, साहेब," नामाकाउ म्हणाली. "एका दिवसाचा प्रश्न आहे."

"मला कळतंय, बो नामाकाउ." ते मानाने 'बो' लावून बोलत होते, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता. "मी तुमचा कार्यक्रम बघतो. या मुलीला मी ओळखलं. पण बाकं संपलीत."

"जमिनीवर बसतील."

"जमिनीवर आधीच बसलेत. चला, दाखवतो."

शनिवार असूनही नव्या मुलांना सफाईला बोलावलं होतं. वर्गात सत्त्याण्णव मुलं होती. तिघांच्या बाकावर पाच-पाच. खिडकीखाली पाच मुलं आपापली बोचकी मांडीवर घेऊन बसली होती. त्यांना अजून बोचकं ठेवायलाही जागा मिळालेली नव्हती. एकाच्या पायात दोन वेगवेगळे बूट होते.

"हीच ती पाच, प्रतीक्षा यादीतली," हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले. "यांतला उत्तरेकडचा तो मुलगा तीन दिवस चालत आलाय. आता तुम्हीच सांगा. कुणाला उठवू? बोट दाखवा, मी उठवतो."

नामाकाउने पाचही बोचक्यांवरून नजर फिरवली. मुलं तिच्याकडे बघत होती. एका मुलीने तिला ओळखलं आणि शेजारणीला कोपर मारलं. दारात हामूंगा होता, कॅमेरा खांद्यावर घेतलेला.

"बाई, चालू करू?"

"काय दाखवणार, हामूंगा?" ती म्हणाली. "कुणाचं दाखवणार?"

त्याने कॅमेरा खाली ठेवला. ती बाहेर आली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसली. नासिलेले शेजारी येऊन बसली. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं.

"आई, पुढच्या वर्षी पाणी उशिरा आलं तर?"

"तर जमेल," नामाकाउ म्हणाली. आपण खोटं बोलतोय हे तिला ठाऊक होतं. पास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेला बसता येत नव्हतं.

दोन मुलांचे नातेवाईक शाळेच्या गावात होते, ती तिथे राहिली आणि पुढे एका गॅरेजात लागली. नासिलेलेला नामाकाउ लुसाकाला स्वतःच्या घरी न्यायला तयार होती. उरलेली दोघं मुयुंडाबरोबर परत गेली, आणि त्याच्याच हाती तिने आजीला निरोप पाठवला. आठवड्याने उत्तर आलं: 'तुम्ही भल्या आहात. शाळेत जागा मिळाली असती तर कसंही करून सोडलं असतं तिला. पण मला दिसत नाही, आणि पाणी आणणारं दुसरं कुणी नाही.' नासिलेले परत गेली. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं.

मास्तर मुबुक्वानू पुढच्या वर्षी खंगायला लागले. त्या काळात कितीतरी शिक्षक असेच खंगत होते. आजाराचं नाव कुणी घेत नसे. पंच्याण्णवच्या जूनमध्ये ते गेले आणि शाळेचं दार बंद झालं.

नामाकाउने कार्यक्रम आणखी पाच वर्षं चालवला, पण तिची ती खात्री कुठेतरी गळून पडली होती. छप्पर मिळालं की तिला आनंद व्हायचा, आणि लगेच वाटायचं, छपराखाली कोण? नव्व्याण्णवमध्ये तिने नोकरी सोडली आणि ती मैदानाजवळ राहायला आली. चार निवृत्त शिक्षक आणि एक नर्स अशी तिची चळवळ. मागणी एकच: मैदानातल्या मुलांना हजर व्हायला तीन आठवडे जास्त द्या आणि निकाल होडीने पाठवा. अर्ज, स्मरणपत्रं, समित्या. एका समितीने विचारलं, "पाणी येतं, याला पुरावा काय?" तिने हामूंगाने त्या चिखलातल्या वाटेवर टिपलेली जुनी चित्रफीत दाखवली. समितीतल्या दोघांनी डोळे पुसले आणि विषय पुढच्या बैठकीवर टाकला.

दोन हजार पाच साली परिपत्रक निघालं. तीन आठवडे मिळाले. होडीचा उल्लेख नव्हता.

ती कागद घेऊन लुकोम्बाला गेली आणि झाडाखाली तिने तो वाचून दाखवला. लोकांनी रीतीने टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हणजे सातवी पास झालेल्या पोरांना जास्त दिवस?"

"हो, बाबा."

"पण इथं पहिलीच नाही. मास्तर कधी येणार?"

नासिलेले मागे उभी होती, कडेवर मूल घेऊन. तिने नामाकाउला जेवू घातलं आणि त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त निघताना म्हणाली, "थोरली आठ वर्षांची झालीय. मी अंक शिकवलेत तिला. भागाकारापर्यंत. त्यापुढचं मला येत नाही."

पुढच्या वर्षी एक तरुण शिक्षक नेमला गेला. सात आठवडे राहिला. त्याच्यानंतर एक बाई आल्या, त्या बंदरावरूनच परत गेल्या.

आता नामाकाउचे गुडघे दुखतात, तरी दर सोमवारी ती शिक्षण कार्यालयात जाते. तिथली नवी कारकून मुलगी लहानपणी तिचा कार्यक्रम बघायची. तिला बघितलं की ती उठून खुर्ची देते.

"आई, पुन्हा आलात? अहो, लुकोम्बाला जायला कुणी तयार होईना."

"विचारलंस का सगळ्यांना?"

"सगळ्यांना. एक नवा शिक्षक साडेदहाला येणारे, पण तोही नाहीच म्हणेल."

"येऊ दे," नामाकाउ म्हणते आणि पिशवी मांडीवर घेऊन बसते.