एका वेळी एकानेच लिहायचं

आमच्या जोगेश्वरीच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर एक काका राहतात. रत्नागिरीकडचे, गिरणी बंद पडली तेव्हापासून घरी. त्यांच्या गावच्या मंडळाची शिमग्याची बस बोरिवलीहून सुटते. तिच्या बुकिंगचं ॲप मी हौसेने करून दिलं आणि वर मिरवलोही. पूर्वी मंडळाचा सेक्रेटरी निघण्याआधी एकेकाला फोन करायचा. ॲप आल्यावर म्हणाला, "आता कशाला? ॲप आहे ना!" ज्या थांब्यावर नाव असेल तिथेच बस थांबायची, असं ठरलं.

त्या वर्षी शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी मुक्कामाला बसायचा मान काकांच्या घराला होता. भावकीत पाळी असते, घरं बरीच. एकदा गेलेली पाळी परत यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं, आणि काका तर आधीच म्हातारे.

सेक्रेटरीने साकीनाक्याच्या आपल्या वर्कशॉपातून त्यांचं नाव टाकलं. तिथे नेटची कायम बोंब. ॲपमध्ये पडद्यामागे एक थ्रेड, म्हणजे आपलं आपण चालणारं एक काम, सर्व्हरवरून यादी आणून फोनच्या डेटाबेसमध्ये लिहायचा. हा शहाणा आधी डेटाबेस अडवायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला लिहूच द्यायचा नाही, आणि मग नेटची वाट बघत बसायचा. काकांचं नाव लिहायला गेलेला दुसरा थ्रेड थोडा थांबला आणि हात हलवत परत आला. 'डेटाबेस लॉक आहे' असा एररही आला होता. तो गिळून टाकणाऱ्या कोडच्या ओळी माझ्याच. स्क्रीनवर मात्र हिरवी टिक!

काका हायवेला नारळांची पिशवी घेऊन उभे. मुंबईत गाडी वेळेवर येते होय, म्हणून उभेच राहिले. शेवटी फोन केला तेव्हा बस, जोगेश्वरीला नावच नाही म्हणून न थांबता, पनवेलच्या पुढे गेली होती. शिमग्यात ऐनवेळी दुसरी गाडी कुठली मिळायला? त्यांच्या अंगणात पालखी चुलतभावाने उतरवून घेतली.

माझं टाळकंच फिरलं. सेक्रेटरीवर ओरडलो, तो माझ्यावर ओरडला. मग गुपचूप दुरुस्तीला बसलो. आधी यादी पूर्ण आणायची, मगच लॉक घ्यायचा. सगळं लिहिणं एकाच रांगेतून. नाव खरंच लिहिलं गेल्याशिवाय टिक नाही. अर्ध्या दिवसाचं काम होतं यार, अर्ध्या दिवसाचं!

काकांना सांगायला गेलो. वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी चहा ठेवायला लावला.

"आता नाव नीट लागतं ना रे?"

"हो काका."

"मग पुढच्या पाळीला मुलाचं घाल. तो नको म्हणतो गावाला, पण तू घालून ठेव."